वरच्या फळीवरची शिंक

तुम्हाला दर वर्षी नेमक्या त्याच दिवसांत सर्दी होते आणि तुम्ही निमूटपणे तिला सर्दीच म्हणता? कशावरून? तुम्हाला कोणी सांगितलं ती सर्दी आहे म्हणून? आईने? शेजारणीने? मग आधी आमच्या हिल्काची गोष्ट ऐका. नाक नंतर पुसा.

हिल्का तोइवोला आमच्या इमारतीत बी जिन्यावरच्या घरात राहते. उभा जन्म तिने इथे फिनलंडमध्ये, ताम्पेरे शहराची बस चालवली. अंगाने दणकट, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा, आणि शिंक त्याहून मोठी. मे महिन्यात ती शिंकली की प्रवासी गचकन ब्रेक लागला असं समजून दांडे पकडायचे. एकदा एक गृहस्थ त्या आवाजाने दचकले, थांबा आला समजून भलत्याच ठिकाणी उतरले, आणि तिथे त्यांना त्यांची दुसरी बायको भेटली, असं हिल्का सांगते. मी विचारलं, "मग पहिलीचं काय झालं?"

"ती बसमध्येच राहिली. शेवटच्या थांब्यापर्यंत आली, माझे आभार मानले आणि उतरली."

हिल्काच्या गोष्टी अशा असतात. खऱ्याखोट्याचा हिशेब मी ठेवत नाही.

तर ही शिंक. एप्रिल सरता सरता सुरू व्हायची, मे संपेपर्यंत तिला छळायची आणि जूनमध्ये आपोआप निघून जायची. हिल्का तिला "वसंताची सर्दी" म्हणायची. आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. बर्फ वितळतं, पाय घसरू नये म्हणून रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडते, तिची धूळ उडते, लोक शिंकतात. धूळ उडाली म्हणून शिंक आली, शिंक आली म्हणून सर्दी झाली, आणि सर्दी झाली म्हणून सौन्यात, म्हणजे तापल्या वाफेच्या खोलीत, जाऊन बसा. इतकं सरळ. इतकं सरळ असलेलं काहीही बरोबर नसतं, हे मी मोर्च्यांमध्ये शिकले, शाळेत नाही.

मी वुओक्को. ए जिन्यात राहते. मला या इमारतीत भांडखोर म्हणतात. म्हणू देत.

इमारतीच्या तळघरात आमचा सौना आहे. शुक्रवारी संध्याकाळी बायकांची पाळी. लाकडी फळ्या तीन पायऱ्यांच्या, आणि सगळ्यात वरच्या फळीवर, भट्टीच्या बाजूचा कोपरा हिल्काचा. युहान्नुसच्या संध्याकाळी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, तापलेल्या दगडांवर पाण्याची पहिली पळी टाकायचा मानही हिल्काचा. हा मान तिला कुणी दिला नव्हता. तिने घेतला होता. मला मान घेणारी माणसं आवडतात.

मर्यत्ताला आवडत नाहीत. मर्यत्ता आमच्या संस्थेची अध्यक्ष. इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी तिच्याकडे नियम असतो. नसला तर दुपारपर्यंत होतो.

ठिणगी पडली वाप्पूला, म्हणजे वसंताच्या सणाला. एक मे, अंगणात टेबल मांडलेलं, सगळ्यांच्या डोक्यावर शाळा पास झाल्याच्या पांढऱ्या टोप्या, आणि मधोमध साखरेत घोळवलेल्या गरम, तळलेल्या मुंक्क्यांचं ताट. हिल्का एक मुंक्की उचलायला वाकली. मी तिचा चेहरा पाहिला. नाक आक्रसलं, डोळे मिटले. "बाजूला व्हा!" असं मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता.

साखर उडाली. ताटभर साखर एका ढगासारखी वर गेली आणि मर्यत्ताच्या काळ्या कोटावर, टोपीवर, भुवयांवर सावकाश उतरली. मर्यत्ता काही क्षण तशीच उभी राहिली, नुकत्याच केलेल्या केकसारखी.

"हिल्का," ती म्हणाली, "तुला सर्दी आहे."

"मला मे महिना आहे," हिल्का म्हणाली.

"घरी जाऊन झोप."

"झोपते. आधी तू कोट झटक. मुंग्या लागतील तुला, अध्यक्षीणबाई."

सगळे हसले. मर्यत्ता हसली नाही. तेव्हाच मला कळलं, आता हिल्काचा शुक्रवार फुकट जाणार.

आणि शुक्रवारी तसंच झालं. सौना छान तापला होता. हिल्का आपल्या कोपऱ्यात बसली होती, गेल्या उन्हाळ्यात बांधून वाळवलेली बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी कोमट पाण्यात भिजवून पाठीवर सपासप मारत होती. सर्दी घालवायचा आमचा हाच उपाय. वाफेत बर्चचा वास पसरला, आणि हिल्काला शिंक आली. एक नाही. लागोपाठ. पळी खाली पडली, खालच्या फळीवर बसलेल्या सी जिन्यातल्या जुळ्या बहिणी एकदमच किंचाळल्या.

"बस्स!" मर्यत्ता उठली. "मी ठराव मांडते."

अंगावर सूत नाही आणि सभा सुरू! मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, पण इतकी उघड कारभाराची सभा दुसरी नाही.

"शिंकणाऱ्या बाईने शुक्रवारी सौन्यात यायचं नाही," मर्यत्ता म्हणाली. "बंद खोली आहे. आपण सगळ्या आजारी पडू. आणि युहान्नुसपर्यंत हिची शिंक थांबली नाही, तर पहिलं पाणी मी टाकणार."

"अगं, इतकी वर्षं शिंकतेय ही," मी म्हणाले. "आजवर तू कधी आजारी पडलीस हिच्यामुळे?"

"वुओक्को, तू प्रत्येक ठरावाला विरोध करतेस."

"कारण तू प्रत्येक ठराव चुकीचा मांडतेस!"

मतदान झालं. जुळ्या बहिणींनी एकमेकींकडे बघत बघत हात अर्धवट वर केले. मर्यत्ताने ते पूर्ण धरले. ठराव पास.

मी वर गेले तेव्हा हिल्का जिन्याच्या पायरीवर बसली होती, गळ्यात ओला टॉवेल, डोळे लाल. ते लाल शिंकेने होते की कशाने, मी विचारलं नाही.

"माझं माणूस गेलं तेव्हा मी त्या फळीवर बसून रडले होते," ती म्हणाली. "वाफेत कुणाला कळलंसुद्धा नाही. घरात रडले असते तर भिंतीपलीकडे ऐकू गेलं असतं. मला ती फळी पाहिजे, वुओक्को."

"मिळेल," मी म्हणाले. "आधी धुळीचा बंदोबस्त करू."

आम्ही केला. आमच्या रस्त्याची खडी अजून उचललेली नव्हती, ही पालिकेची बेपर्वाई होती आणि हे माझं म्हणणं आजही कायम आहे. मी आणि हिल्का रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून बसलो. हिल्काने शिंकून शिंकून निषेध नोंदवला. घोषणा द्यायची मला गरजच पडली नाही. शेवटी झाडायची गाडी आली, मागून पाण्याची आली, रस्ता आरशासारखा झाला. शेजारच्या गल्लीतले लोक बघायला आले. मी भाषण करणार इतक्यात हिल्काने त्या चकचकीत रस्त्यावर उभं राहून अशी शिंक दिली की गाडीच्या ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "काही राहिलं का, बाई?"

धूळ गेली होती. शिंक जागच्या जागी होती.

"मग घरात असणार ती धूळ," हिल्का म्हणाली. घरात असेल तर बाहेर काढायची, यात चुकीचं काय? तिने सगळे गालिचे, गाद्या, रजया, उशा अंगणात आणल्या. गालिचे वाळवायच्या लोखंडी चौकटीवर टाकले आणि काठीने असे बडवले की खारी झाडावर पळाल्या. सगळं दिवसभर उन्हात, वाऱ्यात ठेवलं. ती चौकट अंगणातल्या मोठ्या बर्चच्या बरोबर खाली आहे, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बर्चला तेव्हा पिवळे तुरे लोंबत होते. बाकांवर, गाड्यांच्या टपांवर पिवळी भुकटी साचली होती. मर्यत्ताच्या गाडीवर हिल्काने बोटाने एक चेहराही काढला, लांब नाकाचा.

संध्याकाळी तिने ते स्वच्छ, ताजं अंथरूण घरात नेलं, खिडकी सताड उघडी ठेवली आणि नाक खुपसून झोपली.

सकाळी दार उघडलं तेव्हा मी ओळखलंच नाही तिला. डोळ्यांच्या जागी फुगलेले दोन पाव.

"कोण आहे?" तिने विचारलं. दिसत नव्हतं तिला.

"वुओक्को."

"मग आत ये. मी बर्चच्या पानांचा चहा केलाय. अंगातलं सगळं विष निघून जातं म्हणे."

तो चहा प्यायल्यावर तिची जीभ खाजायला लागली. चव घालवायला तिने सफरचंद खाल्लं, तर ओठ आणि टाळूही खाजायला लागले. आता माझं डोकं फिरलं. विष लावलेली सफरचंदं विकतात म्हणजे काय! मी ते अर्धं सफरचंद घेतलं आणि तडक दुकानात गेले. दुकानदार थंड डोक्याचा माणूस. त्याने माझं सगळं बोलणं ऐकलं, पेटीतलं दुसरं सफरचंद काढलं, माझ्या डोळ्यांसमोर करकर चावून संपवलं आणि देठ काढून दाखवला.

"आणखी एक खाऊ?" त्याने विचारलं.

मी परत आले. हिल्का आदल्या दिवशी भाजलेल्या सफरचंदाच्या केकवर ताव मारत होती. काही खाजत नव्हतं.

"कच्चं खाजतं, शिजलेलं खाजत नाही," ती म्हणाली. "पोट काय, नाक काय, सगळंच म्हातारं होतंय, वुओक्को."

मग पाऊस आला. दोन दिवस झिम्मड. आणि हिल्काची शिंक बंद! खोकला नाही, खाज नाही, डोळे जागेवर. ती धावत मर्यत्ताच्या दारात गेली. "बरी झाले मी! शुक्रवारी येते!"

"शुक्रवारी बघू," मर्यत्ता म्हणाली.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. हिल्का नवा टॉवेल खांद्यावर टाकून, अंगणातून वळसा घालून, राणीसारखी सौन्याच्या दाराशी आली. मर्यत्ता दारातच उभी होती, हाताची घडी घालून. हिल्काने तोंड उघडलं ते नमस्कार करायला. निघाली शिंक.

मर्यत्ताने दार लावून घेतलं. हळूच लावलं, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या आठवड्यात मी हिल्काला ओढतच आरोग्यकेंद्रात नेलं. "सर्दीसाठी कोणी नर्सकडे जातं का?" असं ती वाटभर म्हणत होती. नर्स तरुण, चटपटीत, केस डोक्यावर गाठ मारून बांधलेले. तिने नुसते प्रश्न विचारले.

"ताप येतो?"

"नाही."

"नाकातून येतं ते घट्ट, हिरवट-पिवळं, की पाण्यासारखं?"

"नळ समजा."

"डोळे खाजतात?"

"उपटून काढावेसे वाटतात."

"पाऊस पडला की बरं वाटतं? कच्चं सफरचंद, गाजर, हेझलनट खाल्लं की तोंड खाजतं? आणि हे दर वर्षी याच दिवसांत होतं?"

हिल्काने माझ्याकडे पाहिलं. "हिला तू आधीच सगळं सांगितलंस का गं, वुओक्को?"

मी काही सांगितलं नव्हतं. नर्सने हिल्काच्या हातावर वेगवेगळे थेंब टाकले, प्रत्येकावर सुई किंचित टोचली आणि वाट बघायला सांगितलं. एका थेंबाखाली हात खाजायला लागला, लाल झाला आणि एक टपोरी गांध उठली. बाकीचे शांत.

"हा कशाचा?" हिल्काने विचारलं.

"बर्चचा. तुम्हाला सर्दी नाहीच. बर्चच्या परागाची अ‍ॅलर्जी आहे. कुणाला लागण व्हायची भीतीच नाही."

हिल्का उठून उभी राहिली. "काय बोलतेस, पोरी? बर्चची? माझ्या पाळण्यावर बर्च, माझ्या लग्नाच्या मांडवाला बर्च, पाठीवर दर शुक्रवारी बर्च! उद्या म्हणशील मला फिनलंडची अ‍ॅलर्जी आहे!"

"फक्त मे महिन्यातल्या फिनलंडची," नर्स म्हणाली.

मला ती पोरगी तिथल्या तिथे आवडली.

मग तिने सगळं समजावलं. अ‍ॅलर्जीची गोळी रोज घ्यायची, शिंक आल्यावर धावत जाऊन नाही. नवी, झोप न आणणारी घ्या. जुन्या प्रकारच्या गोळीने पेंग येते. नाकात मारायचा फवारा रोज मारायचा. एकदा मारला आणि उपयोग नाही म्हणून फेकून दिला असं करायचं नाही, त्याला गुण यायला काही दिवस लागतात. पुढल्या वर्षी बर्च फुलायच्या थोडं आधीपासूनच सुरू करायचं. कपडे आणि अंथरूण बाहेर वाळवायचं नाही. बाहेरून आलं की तोंड, आणि झोपण्याआधी केस धुवायचे, नाहीतर दिवसभराचा पराग उशीवर जातो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद, हवा खेळवायची ती पाऊस पडून गेल्यावर. बाहेर जाताना गॉगल. आणि छातीत शिटी वाजली, दम लागला, तर ताबडतोब डॉक्टर. तिथे वाट बघायची नाही.

"आणि अंगणातलं ते झाड तोडलं तर?" हिल्काने डोळे बारीक करून विचारलं.

"काही उपयोग नाही. पराग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर येतो."

"म्हणजे सगळी झाडं तोडावी लागतील," हिल्का म्हणाली. तिने थोडा वेळ तोही विचार केला. मग सोडून दिला.

"आणि सौन्यातली जुडी?"

"पानांनीही काहींना त्रास होतो. अंग खाजलं, शिंका आल्या, तर ती बाजूला ठेवायची. दुसऱ्या कुठल्या झाडाची बांधा."

घरी येताना हिल्का वाटेतला प्रत्येक बर्च न्याहाळत होती. जिन्यात पोचल्यावर म्हणाली, "गाद्या मी त्याच झाडाखाली वाळवल्या."

"हो."

"आणि त्याच्याच पानांचा चहा प्यायले."

"हो."

"वुओक्को, मी पाठ फोडून घेत होते ती माझ्या दुश्मनाकडून!" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की वरच्या मजल्यावरच्या माणसाने दार उघडून विचारलं, शिंक आहे की काय म्हणून.

मर्यत्ताला आम्ही सांगितलं. तिने मान डोलावली. "ठराव शिंकेबद्दल आहे," ती म्हणाली, "कारणाबद्दल नाही." अशी माणसं असतात.

युहान्नुस आला. बर्चचा बहर कधीच सरला होता, गोळ्या आणि फवारा नियमाने चालू होते, आणि हिल्काचं नाक कोरडं ठणठणीत. सौन्याच्या दाराशी रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं बांधली होती. हिल्का त्यांच्याकडे बघून "काय, बरे आहात?" असं म्हणाली आणि नाकावर टॉवेल धरून मधून आत शिरली. हातात जुनिपरची जुडी. काटेरी. जुळ्या बहिणी ती पाहूनच खालच्या फळीच्या टोकाला सरकल्या.

पण पळी मर्यत्ताच्या हातात होती. वरच्या फळीवर, कोपऱ्यात, हिल्काच्या जागेवर, ती पाण्याची बादली मांडीशी घेऊन बसली होती. बाईसाहेबांनी सणासाठी दुपारभर स्वतः अंगणातलं गवत कापलं होतं, त्याची हिरवी पाती अजून केसांत अडकलेली.

"ती जागा माझी," हिल्का म्हणाली.

"आज बरी दिसतेस. पण रोग लपून बसतो कधीकधी. या वर्षी पहिलं पाणी मीच टाकते, पुढल्या वर्षी विचार करू."

"मर्यत्ता, पळी दे."

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून मर्यत्ताने पळी भरली, उंच धरली, मान ताठ केली. आणि तिचं नाक आक्रसलं.

मी ते नाक ओळखते. दोन महिने तेच बघत होते.

शिंक आली. पळी हातातून सुटली, हवेत गिरकी घेऊन भट्टीवर आपटली, पाणी दगडांवर गेलं आणि वाफेचा जो लोट उठला, त्यात आम्ही सगळ्या दिसेनाशा झालो. सणाची पहिली वाफ मर्यत्ताच्या नाकाने काढली. वाफेतून पुन्हा शिंक ऐकू आली. पुन्हा. पुन्हा.

वाफ विरली तेव्हा मर्यत्ता डोळे चोळत होती. "वाफ नाकात गेली," ती म्हणाली.

आणि मग एक हात वर झाला. दुसरा झाला. जुळ्या बहिणींचे या वेळी पूर्ण वर. माझाही वर होता. मी संत नाही. ठराव ठरावच होता: शिंकणारी बाहेर. मर्यत्ताने ते हात पाहिले, टॉवेल गुंडाळला आणि मुकाट्याने खाली उतरायला लागली. तिची मान मी कधी अशी खाली पाहिली नव्हती.

"थांब," हिल्का म्हणाली. "ताप आहे?"

"नाही."

"डोळे खाजतात?"

"...खूप."

"पाण्यासारखं वाहतंय? आणि दर वर्षी युहान्नुसलाच?"

"दर वर्षी मला या दिवसांत जरा... सौन्यानंतर तळ्यात उतरतो, पाणी थंड असतं ना..."

"तळ्यात तू गुडघ्याच्या वर कधी गेली नाहीस. दर वर्षी सणाआधी गवत कोण कापतं?"

मर्यत्ताने हात केसांकडे नेला. केसांतून गवताचं एक पातं खाली पडलं.

"हात खाली घ्या गं बायांनो," हिल्का म्हणाली. "हिला गवत बाधतं. सोमवारी नर्सकडे घेऊन जाते मी, काय ते ती बघेल. गवत यापुढे वुओक्को कापेल."

"मी?" मी म्हणाले.

"तू. आणि तू, अध्यक्षीणबाई, बस इथे माझ्या शेजारी. पण कोपरा माझा."

मर्यत्ता सरकली. हिल्का आपल्या कोपऱ्यात बसली, पळी भरली आणि दगडांवर पाणी टाकलं. पहिलं पाणी हेच, असं तिने जाहीर केलं. नाकाने टाकलेलं धरत नाहीत. यावर ठराव झाला आणि एकमताने पास झाला, कारण तिच्या हातात जुनिपरची जुडी होती.

आता तुमचं. उद्या घरात, कचेरीत, बसमध्ये कोणी शिंकलं तर त्याला हाकलायच्या आधी तेवढे चार प्रश्न विचारा. आणि आरशासमोर उभं राहून एकदा स्वतःलाही विचारा. उत्तरं जुळली तर डॉक्टरकडे जा. गाद्या झाडाखाली नेऊ नका.